टाकीखालचं रबर: जुन्या ब्रिटिश गाडीवर या चुका टाळा

जुन्या मोटरसायकलच्या रंगावर आणि क्रोमवर पाण्यासारखा पैसा ओतायचा. पेट्रोलच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढणारा जुना पेंटर शोधत कोल्हापूरपर्यंत जायचं. बिल्ले इंग्लंडहून मागवायचे आणि ते आले की व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवायचं. आणि मग तीच टाकी फ्रेमवर चढवताना तिच्याखाली जुन्या स्लिपरचा तुकडा कापून घालायचा! बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कुठलीही जुनी ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन किंवा मॅचलेस उघडून बघा. टाकीखाली काय सापडेल सांगता येत नाही. मला सायकलची ट्यूब सापडली आहे, साखर कारखान्यातल्या पट्ट्याचा तुकडा सापडला आहे, आणि एकदा तर चक्क घडी करून कोंबलेलं पायपुसणं.

तीच ती चूक वर्षानुवर्षं बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. बुलेटवाल्यांनीही वाचायला हरकत नाही. तिचा वंशही ब्रिटिशच, इंग्लंडमधल्या रेडिचचा, आणि थरथर तिच्यातही कमी नाही.

आधी टाकीला होतं काय ते

ब्रिटिश ट्विन म्हटलं की १९३७च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनपासूनचा वंश डोळ्यांसमोर येतो. या गाड्यांत दोन सिलिंडर असतात, पण दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. स्फोट मात्र आळीपाळीने होतो, त्यामुळे आवाज गोड लागतो. वरखाली होणाऱ्या वजनाच्या हिशोबाने मात्र तो एकच मोठा पिस्टन. क्रँकवरचं समतोलाचं वजन त्यातलं काही खातं, उरलेलं फ्रेममध्ये जातं. ४,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला चार हजार फेऱ्यांना, हा हिसका सेकंदाला साठाहून जास्त वेळा बसतो. बीएसए एम-२० किंवा मॅचलेससारख्या सिंगल गाड्या एवढ्या फिरत नाहीत, पण जो हिसका देतात तो दणदणीत असतो.

टाकीचं वजन काय? चार गॅलनची, म्हणजे साधारण १८ लिटरची टाकी भरली की नुसतं पेट्रोलच साडेतेरा किलोच्या आसपास भरतं. पातळ पत्रा दाबून, जोडून केलेल्या भांड्यात हे वजन डचमळत असतं आणि तीन-चार जागी फ्रेमवर टेकलेलं असतं. वर आमचे रस्ते. उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-निपाणी पट्ट्यात ट्रॉल्या रस्त्याची काय दशा करतात ते मी सांगायला नको.

पाणी आणणारी बाई घागरीखाली चुंबळ ठेवते ती घागर डोक्याला जखडायला नव्हे. चालीचा हिसका घागरीला लागू नये आणि घागरीचा भार टाळूच्या एकाच जागी पडू नये म्हणून. टाकीखालच्या रबराचं काम नेमकं तेच. हे डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

हाताला येईल ते रबर

स्लिपरचं रबर मऊ असतं, कापायला सोपं असतं, फुकट असतं. म्हणून लोक घालतात. पहिल्या आठवड्यात छान वाटतं. मग कधीतरी पंपावर पेट्रोल सांडतं, टाकीवरून ओघळून खाली जातं, नाहीतर पेट्रोलच्या कॉकच्या वायसरमधून थेंब-थेंब झिरपतं, आणि तो तुकडा फुगतो, भुसभुशीत होतो, शेवटी चुरा होऊन पडतो. आता टाकी थेट लोखंडावर. मालकाला पत्ता नाही, कारण टाकी वरून तशीच चकचकीत दिसते.

सायकलच्या किंवा गाडीच्या ट्यूबचंही तेच. ट्यूब ब्यूटाइल रबराची असते. हवा धरायला उत्तम, पेट्रोलपुढे बिनकामाची. खिडक्या-दारांना लावतात ती काळी रबरपट्टी बहुतेक वेळा ईपीडीएमची असते. ती ऊन-पाऊस झेलते, पण पेट्रोलमध्ये फुगते. सिलिकॉनची ट्यूब पिळून ‘गादी’ करणारे एक महाशय मी पाहिले आहेत. पेट्रोल लागलं की सिलिकॉन पापुद्र्यासारखं सोलून निघतं. कारखान्याच्या पट्ट्यात आत कापडाचे थर असतात. तो फाटत नाही हे खरं, पण दबतही नाही. तो घातला काय आणि लाकडाची फळी घातली काय, टाकीला फरक कळत नाही.

हवं ते नायट्राइल रबर. तेल-पेट्रोल सहन करतं, सीलवाल्यांकडे आणि हायड्रॉलिकच्या दुकानात शीटमध्ये मिळतं. उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे इतके आहेत की बेळगावकराने ‘मिळत नाही’ म्हणू नये. कडकपणा विचारला तर पन्नास ते साठ शोर सांगा. त्यापेक्षा मऊ घेतलं तर भरलेली टाकी बसकण मारते, कडक घेतलं तर थरथर तशीच वर जाते.

दुकानदाराच्या शब्दावर मी जात नाही. कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापतो, व्हर्नियरने जाडी मोजतो आणि काचेच्या बाटलीत पेट्रोल घालून त्यात रात्रभर टाकून ठेवतो. बाटलीचं झाकण घट्ट आणि बाटली घराबाहेर. सकाळी काढून परत मोजतो. नायट्राइलसुद्धा किंचित फुगतं, ते चालतं. पण तुकडा डोळ्यांना मोठा दिसायला लागला, बोटाला काळं लागलं किंवा वाकवल्यावर चीर पडली, तर ते शीट परत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून चाचणीला तेच पेट्रोल वापरा. कुठल्या तरी जुन्या कॅनमधलं नको.

एक गोष्ट मात्र चांगली आणि स्वस्त आहे. एसी-फ्रीजच्या दुकानात तांब्याच्या नळीवर चढवायची काळी फोमची नळी मिळते. ती बंद छिद्रांची असते, पाणी पीत नाही. फ्रेमच्या वरच्या नळीवर ती चढवली की टाकीच्या बोगद्यातली, म्हणजे ती नळी जिच्यात बसते त्या टाकीखालच्या पोकळीतली, भणभण पुष्कळ कमी होते. पण ती भणभण मारायलाच, वजन पेलायला नव्हे. वजन ठरलेल्या रबरांवरच पडलं पाहिजे. आणि १९७१पासूनच्या ट्रायम्फ-बीएसए ट्विन, ज्यांच्या फ्रेमच्या जाड नळीतच ऑइल असतं, त्यांना हे गुंडाळू नका. ती नळी उघडी राहून थंड व्हायला हवी, तिला स्वेटर घालून कसं चालेल?

गादीचा स्पंज, म्हणजे उघड्या छिद्रांचा, त्याबद्दल एवढंच सांगतो की आपल्याकडे जूनला सुरू झालेला पाऊस सहज सोडत नाही. तो स्पंज ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो आणि टाकीचा बोगदा आतून गंजवतो. गंज तुम्हाला दिसतो तेव्हा पत्र्याला भोक पडलेलं असतं.

हलायची बंद होईपर्यंत आवळणे

ही माझी लाडकी चूक. हिच्यापायी जेवढ्या टाक्या फुटलेल्या पाहिल्या तेवढ्या अपघातानेही फुटलेल्या पाहिल्या नाहीत.

बऱ्याच गाड्यांवर मांडणी साधारण अशी असते: फ्रेमला ब्रॅकेट, ब्रॅकेटला भोक, भोकाच्या वर एक रबर आणि खाली एक, आणि मधून टाकीत जाणारा बोल्ट. या बोल्टाभोवती, रबराच्या आत, एक छोटी पोलादी नळी असते. आमच्याकडे कुणी तिला स्लीव्ह म्हणतं, कुणी बुश. बोल्ट आवळला की वायसर त्या नळीवर जाऊन टेकतो आणि थांबतो. पुढे कितीही जोर लावा, रबर आणखी दबत नाही. किती दाबायचं हे नळीच्या लांबीने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आणि रंगकामात हरवणारी पहिली वस्तू हीच. गंजलेली, बोटाच्या पेराएवढी, कुणाला तिचं काम माहीत नाही. मग नवा बोल्ट रबरावरच आवळला जातो. रबर दबतं, बोल्ट परत सैल लागतो, परत आवळतात, शेवटी रबराची पुरी होते आणि टाकी फ्रेमचाच भाग होऊन बसते. मिस्त्री टाकीला हात घालून गाडी हलवून दाखवतो, म्हणतो, “बघा, जागची हलत नाही!” मालक खूश.

खानापूरचा एक पोरगा आहे, त्याच्याकडे वडिलांची ६५०ची ट्रायम्फ. घरातल्या लग्नासाठी गाडी नवी करून घेतली, दुसऱ्या मोठ्या शहरातल्या एका नामांकित वर्कशॉपमधून. रंग खरोखर बघत राहावा असा. वरात झाली, फोटो झाले, आणि पुढच्याच रविवारी तो मित्रांबरोबर चोर्ला घाटावरून गोव्याला निघाला. जांबोटीपर्यंत सगळं ठीक होतं. कणकुंबीच्या अलीकडे त्याला पेट्रोलचा वास यायला लागला. त्याला वाटलं पुढे चाललेल्या ट्रकचा असेल. घाट उतरायच्या आधी चहाला थांबला तेव्हा मित्र म्हणाला, “मर्दा, तुझी पँट भिजल्या की.” उजव्या मांडीला पेट्रोल, इंजिनाच्या डोक्यावरच्या रॉकर बॉक्सवर पेट्रोल, आणि तिथून ओघळ थेट सायलेन्सरच्या पाइपकडे. त्याच चहावाल्याकडे दोघे-तिघे बिडी ओढत बसले होते. देवाची कृपा, दुसरं काय म्हणायचं?

गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आली. टाकी रिकामी करून काढली. पुढच्या उजव्या बोल्टाभोवती रंगाला केसाएवढी गोल चीर गेलेली, जवळजवळ अर्धा वेढा. रंग खरवडला तर खाली पत्राच फाटलेला. रबरं पुरीसारखी चपटी, कडा ब्रॅकेटच्या बाहेर आलेल्या. स्प्रिंग वायसर दबून सपाट. आणि स्लीव्ह चारांपैकी एकाही जागी नाही. पत्र्यात दोष नव्हता, जोडही चांगला होता. सेकंदाला साठ-साठ हिसके खाऊन पत्रा थकला आणि जिथे सगळ्यात घट्ट धरला होता नेमका तिथेच फाटला. धातू थकतो तो असाच. वाकणारा भाग सुटतो आणि कडक धरलेल्या जागेची कड जाते.

त्याने त्या वर्कशॉपला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर. पलीकडचा गडी शांतपणे म्हणतो, “टाकी हलत होती, म्हणून आम्ही नीट टाइट करून दिली.” यावर काय बोलायचं? मी फोन ठेवायला सांगितला.

दुरुस्ती तशी मोठी नव्हती. टाकी धुऊन, निर्धोक करून, जुन्या माहितगार माणसाकडून पितळेचं ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोड. पण ब्रेझिंगच्या आचेने रंग गेला, सोनेरी रेघाही गेल्या. मग उद्यमबागेत लेथवर चार स्लीव्ह काढून घेतल्या. त्या लेथवाल्याने चहाचे पैसेच घेतले, एवढंसं काम. हिशोब असा: वरखालची रबरं सहा-सहा मिलिमीटर, मधल्या ब्रॅकेटची जाडी तीन, एकूण पंधरा. स्लीव्ह काढली साडेतेराची. म्हणजे बोल्ट पूर्ण आवळल्यावर दोन रबरं मिळून दीड मिलिमीटर दबणार, जास्त नाही. रबराचा दहा-बारा टक्के दाब मला पसंत पडतो. रबर जागेवर बसतं, पण त्याच्यात जीव राहतो.

दुसरी एक गोष्ट लोक विसरतात. ब्रॅकेटच्या भोकाच्या कडेला स्लीव्ह घासली, तर वरखालची रबरं कितीही चांगली असोत, थरथर आडवी जाणारच. म्हणून रबराला भोकात उतरणारी कॉलर हवी. भोक सोळाचं, स्लीव्ह बाहेरून अकराची, तर सगळीकडून अडीच मिलिमीटर रबर मधे राहतं. कॉलरवालं रबर मिळालं नाही तर नायट्राइलच्या नळीची कडी कापून भोकात बसवा.

गाडी जोडून दिली तेव्हा त्या पोराने टाकीला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. चेहरा पडला. “काका, टाकी हलतीया की ओ!” हलते, बाबा. दोनएक मिलिमीटर हलते, हलायलाच हवी. वर्षं झाली, अजून थेंब गळलेला नाही. पण अजूनही भेटला की पहिल्यांदा टाकी हलवूनच दाखवतो.

तर नियम माझा साधा आहे. स्लीव्ह असेल तर बोल्ट स्लीव्हला टेकेपर्यंत नेहमीसारखा आवळा. तुमच्या गाडीच्या मूळ मांडणीत स्लीव्हच नसेल, तर रबराची कड जराशी फुगलेली दिसली की थांबा आणि आपोआप न सुटणारा नायलॉक नट किंवा दुसरा चेक नट लावा. बोल्ट सुटायची भीती असेल तर तो सुटणार नाही याचा बंदोबस्त करा. त्या भीतीपोटी रबराचा जीव घेऊ नका.

बीएसए ए-१० किंवा गोल्ड स्टारवाल्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. त्यांची टाकी मधोमध जाणाऱ्या एकाच लांब बोल्टावर असते, वर रबरी टोपण. पुढे-मागे फ्रेमवरची रबरं झिजली की टाकी कुशीवर डुलते, आणि डुलणं थांबवायला लोक मधला बोल्ट पिळत राहतात. त्या बोल्टाचं काम टाकी उडू न देणं एवढंच. डुलणं बाजूच्या रबरांनी थांबतं.

आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी लावून कॅफे रेसर करणारी नवी पोरं, तुम्हाला वेगळं सांगतो. अ‍ॅल्युमिनियम थकव्याच्या बाबतीत पोलादाहून नाजूक. छोटे हिसकेसुद्धा साठत जातात आणि एक दिवस चीर पडते. तुमच्या टाकीला बोल्ट कमी आणि पट्टा जास्त बरा. पट्ट्याखाली रबर, फ्रेमच्या रुळांवर रबर, आणि ती चिकटवलेली. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात सरकून रस्त्यावर पडतात.

बोल्ट ‘जवळजवळ’ बसतोय म्हणून बसवणे

खडेबाजारातल्या हार्डवेअरमध्ये मिलिमीटरचे बोल्ट मिळतात. तुमची गाडी इंचाची आहे. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे आठाचा बोल्ट हातात धरला तर अगदी सारखाच वाटतो. पण जुन्या ब्रिटिश सायकल आट्यात इंचाला २६ आटे असतात, साठच्या दशकाच्या शेवटी आलेल्या युनिफाइड बारीक आट्यात २४, आणि आठाच्या नेहमीच्या बोल्टाला सुमारे २०. पहिले दोन आटे हाताने जातात, मग पाना लागतो, मग ‘जरा जोर लावून’ जातो. तो गेलेला नसतो. त्याने टाकीतले आटे कापलेले असतात. पान्याला जोर लागला की थांबायचं, एवढी साधी गोष्ट आहे. पण नवशिक्याला पाना हातात आला की दम निघत नाही.

याहून वाईट म्हणजे लांबी. युनिटपूर्व, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असलेल्या, ट्रायम्फच्या टाकीत खालून चार बोल्ट जातात आणि ते ज्या आट्यात बसतात ती भोकं आतून बंद असतात. त्या बंद टोकाच्या पलीकडे थेट पेट्रोल. रबर पातळ पडलं किंवा वायसर कमी लागला आणि बोल्ट तोच राहिला, तर त्याचं टोक आत टेकतं. मालकाला वाटतं बोल्ट अजून आवळायचा राहिलाय. आणखी एक वेढा, आणि ते बंद टोक आतल्या बाजूने फाटतं. मग पेट्रोल आट्यातून खाली झिरपतं आणि सगळे कॉक बदलत बसतात.

आगकाडी घ्या. भोकात टेकेपर्यंत घाला, नखाने खूण करा, मोजा. त्यात स्लीव्हची लांबी आणि वायसरची जाडी मिळवा, तीन मिलिमीटर वजा करा. बोल्टाच्या डोक्याखालची लांबी तेवढीच हवी. जास्त असेल तर कापा आणि कापलेलं टोक कानशीने गुळगुळीत करा.

ज्यांना एकेक ओळ पुरे अशा चुका

हँडल पूर्ण वळवल्यावर फोर्क किंवा त्याचं टोपण टाकीला लागत असेल, तर रबर जाड करून टाकी मागे-वर ढकलू नका. हँडलचा स्टॉप बघा, तो वाकलेला असतो.

टाकी चढवताना रेसची केबल खाली अडकली, तर हँडल वळवलं की इंजिन आपोआप चढतं. चढवल्यावर दोन्हीकडे वळवून ऐका.

बोगद्यात वायरिंग मोकळं सोडू नका. टाकी हलते, वायरचं कातडं जातं, आणि वर पेट्रोल आहे.

कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी ताणलेली नको. टाकी हलणार असेल तर नळीला थोडी ढील हवी. ते पारदर्शक प्लास्टिक पाइप उन्हात कडक होतात, नको ते.

कॉकचा आटा पाव इंच बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपचा आटा, इंचाला १९ आटे. त्याला टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, पण सांगतो: चांगला फायबर वायसर घाला.

नॉर्टन कमांडोचं इंजिनच रबरावर टांगलेलं असतं म्हणून टाकीला रबर नको, असं समजू नका. संथ फिरताना तिचं इंजिन केवढं नाचतं ते बघा आणि टाकीखाली मोकळी जागा ठेवा.

मी टाकी कशी बसवतो

घाईत कधीच नाही, आणि पेट्रोल भरलेल्या टाकीने तर नाहीच. टाकी रिकामी, गाडी स्टँडवर, सरळ उभी.

रबरं जागेवर ठेवली की बायकोकडून कणकेचा गोळा मागून घेतो. आता ती विचारतही नाही. सुपारीएवढे गोळे करतो, प्रत्येकाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळतो आणि फ्रेमच्या नळीवर, कॉइलच्या ब्रॅकेटवर, रॉकर बॉक्सवर, इंजिनाचं डोकं फ्रेमला बांधणाऱ्या हेड स्टेडीच्या नटावर, जिथेजिथे टाकी टेकेल असा संशय येतो तिथे ठेवतो. मग टाकी हळूच ठेवून बोल्ट पूर्ण आवळतो आणि परत काढतो. चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजायची. पाच मिलिमीटरच्या वर असेल तर निश्चिंत. तिनाच्या खाली असेल तर तिथे कधी ना कधी घासणार. हेड स्टेडीचा नट हा नेहमीचा गुन्हेगार. कुणीतरी लांब बोल्ट घातलेला असतो आणि त्याचं टोक टाकीच्या पोटात रुतायला तयार असतं.

बोल्ट घालताना चारही हाताने दोन-तीन वेढे लावून घेतो. मगच पाना, तोही आलटून पालटून, समोरासमोरचे. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर टाकी तिरकी बसते आणि चौथा बोल्ट ओढून आणावा लागतो. ओढून आणलेला बोल्ट म्हणजे पत्र्यात कायमचा ताण. भोकं जुळत नसतील तर ब्रॅकेट सरळ करा. टाकी पिरगाळू नका.

मग पेट्रोल भरतो, गाडी रात्रभर उभी ठेवतो आणि खाली वर्तमानपत्र पसरतो. सकाळी डाग नसेल तर एक छोटी फेरी, हिंडलग्यापर्यंत किंवा काकतीपर्यंत. आल्यावर बोल्ट तपासतो, तो सैल झालाय का एवढंच. जागेवर असेल तर त्याला हात लावत नाही. ‘एकदा चेक करतो’ म्हणत दर रविवारी पाव वेढा आवळणारे लोक आहेत. स्लीव्ह नसलेल्या मांडणीत वर्षभरात त्या पाव-पाव वेढ्यांचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

गळायला लागलीच तर

वाटेत असाल तर अंगाच्या साबणाची वडी ओली न करता चिरेवर जोरात घासा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे बारीक चीर तात्पुरती बुजते. त्या भरवशावर घरी जा, गोव्याला नाही. टाकी जेवढी रिकामी करता येईल तेवढी करा. पाइप तापलेला असेल तर आधी थांबा, मग हात लावा. एपॉक्सीची पुटी चोळून वर रंग मारून ‘दुरुस्त’ केलेली टाकी मला कुणी दाखवू नये. आत थकलेला पत्रा तसाच असतो आणि चीर पुटीच्या कडेने पुढे सरकते.

टाकीच्या आत सीलर ओतायचा मोह सगळ्यांना होतो. ओतलं की झालं, काढायला-तासायला नको. गंजाची बारीक छिद्रं असतील तर त्याचा उपयोग होतो. बोल्टाजवळच्या चिरेला नाही, कारण तिथे पत्रा अजून हलतोच आहे. आणि जुने काही सीलर इथेनॉलने मऊ पडून जेलीसारखे सुटतात आणि कार्बोरेटरचं जेट बुजवतात. फायबरग्लासची टाकी असेल, जशी कमांडोच्या सुरुवातीच्या फास्टबॅकला होती, तर आजच्या पेट्रोलमध्ये ती आतून विरघळत जाते. ती शोभेला ठेवा आणि पोलादी बसवा.

वेल्डिंग. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. ‘महिनाभर उन्हात वाळवली आहे’ याला काही अर्थ नाही. जोडात, गंजात पेट्रोल मुरलेलं असतं आणि गरम झालं की बाहेर येतं. कॉक, झाकण काढून साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, आणि काम करताना दुरुस्तीची जागा सोडून बाकी टाकी पाण्याने भरलेली ठेवायची, वाफेला वाट उघडी. हे करणारा माणूस वेगळा असतो. गेट-ग्रिल वेल्डिंगवाल्याकडे टाकी घेऊन जाऊ नका, आणि त्याने ‘आणा, मारून देतो’ म्हटलं तर आणखीच जाऊ नका.

दुरुस्त झालेली टाकी परत चढवताना जुनीच रबरं घालू नका. मी दर दोन पावसाळ्यांनी रबरं काढून बघतो. नखाने दाबल्यावर खळगा पडून भरून आला तर ठीक, कडक लागलं किंवा कडेला चिरा दिसल्या तर अख्खा संच बदलतो. एकच फाटलंय म्हणून एकच नवं घालणारे असतात. मग वजन त्या तीन कडक रबरांवर जातं आणि नवं नुसतं जागा अडवून बसतं. शीटमधून चारही एकदमच कापून घ्या, आणि उरलेल्या तुकड्यातून आणखी चार कापून डब्यात ठेवा, टाल्कम पावडर लावून.